पुरू व्हायची घाई



आजचं वाचन: महाभारत, आदिपर्व, ययाती आणि पुरूची कथा. सोबत भागवताच्या नवव्या स्कंधातला तोच भाग.

कथा सगळ्यांना माहीत आहे. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मुळे मराठी घरांत तर जरा जास्तच. शुक्राचार्यांच्या शापाने राजा ययाती अवेळी म्हातारा होतो. उपभोगाची इच्छा मात्र तशीच. सवलत एवढीच, की कुणी आपलं तारुण्य दिलं तर त्याला आपलं म्हातारपण देता येईल. मग तो पाच मुलांना एकेक करून विचारतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू नाही म्हणतात. धाकटा पुरू हो म्हणतो. हजार वर्षं बाप मुलाचं तारुण्य वापरतो आणि शेवटी त्याला कळतं की हे काही संपणारं नाही. (तूप आणि अग्नीचा दाखला तुम्हाला पाठ असेल, परत सांगत नाही.) मग पुरूला त्याचं तारुण्य परत करून, राज्य देऊन तो वनात जातो.

आजवर मी ही कथा 'वासना वाईट' एवढ्यावर गुंडाळून पुढे जायचे. या वेळी जाता आलं नाही. कारण गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात पैशावरून भांडण झालं, आणि त्या भांडणात ययाती कोण हे ठरवण्याची मला फार घाई झाली होती.

झालं असं. आईला काशीला जायचंय, हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. बाबांचं उत्तरही तेव्हापासून तेच: "पुढच्या वर्षी बघू." आधी माझं शिक्षण होतं, मग घरावरचा मजला, मग आजीचं आजारपण, मग कोविड. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, 2020 मध्ये निवृत्त झाले. तोवर आईचे गुडघे गेले. आता जिना उतरताना ती कठडा दोन्ही हातांनी धरते. काशीचे घाट म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. मी मनात म्हटलं, आता 'पुढचं वर्ष' उरलेलं नाही. आणि पुण्यातल्या खोलीवर बसून एका रात्रीत तिघांचं पॅकेज बुक केलं. विमान, हॉटेल, गाडी, सगळं मिळून 72 हजार. क्रेडिट कार्डावर नऊ हप्ते, आठ हजारांचा एक.

सातारला जाऊन मोठ्या रुबाबात सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "पैसे भरलेस कसे?"

मी म्हटलं, "नो-कॉस्ट ईएमआय आहे बाबा. व्याज नाही काही."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "ऋण काढून सण करू नये म्हणतात. तू तर ऋण काढून तीर्थ करायला निघालीस. मी येणार नाही."

तुमच्यापैकी ज्यांची घरं थोडीफार जुन्या वळणाची आहेत त्यांना हे माहीत असेल. तीर्थाला स्वतःच्या कष्टाच्या पैशाने जावं, देणेकरी असताना जाऊ नये, असं मोठी माणसं सांगत आली आहेत. मला तेव्हा ते आठवलं नाही असं नाही. पण मला वाटलं, हा पैशाचा चिकटपणा आहे आणि त्यावर धर्माची शाल पांघरलीय. मीही रोज पोथी वाचणारी, तेव्हा मी पण शास्त्रच काढलं. म्हटलं, "जन्माला आल्यापासून माणसावर तीन ऋणं असतात, देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. मी पितृऋण फेडतेय असं समजा."

बाबा म्हणाले, "एक ऋण फेडायला दुसरं काढायचं, याला आमच्याकडे ह्याची टोपी त्याला घालणं म्हणतात."

मग मी चिडले आणि जे बोलायला नको होतं ते बोलले. "तुमच्या एफडी आहेत ना एवढ्या? एक मोडली असती तर आई दहा वर्षांपूर्वी चालत गेली असती काशीत."

ते म्हणाले, "त्या माझ्या नाहीत. तुझ्या आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ताटाशेजारी वर्तमानपत्राचं जुनं कात्रण ठेवलेलं होतं. 2022-23 साली देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या साधारण 5 टक्क्यांवर आली, कित्येक दशकांतली सगळ्यात कमी, अशी ती बातमी. पेनाने खाली रेघ मारलेली. शिक्षक माणूस. मी त्याच कात्रणावर लिहिलं, की यात लोकांनी घरासाठी घेतलेली कर्जंही वजा होतात, सगळेच काही फोनवर आणि फिरण्यावर पैसे उडवत नाहीत. आणि पुण्याला निघून आले. पॅकेज रद्द केलं. रद्द करायचे साडेसहा हजार गेले.

तर काल ययाती वाचताना हे सगळं समोर आलं. माझ्या डोक्यातली वाटणी अशी होती: साठवणारे म्हणजे लोभी, खर्च करणारे म्हणजे निदान मोकळ्या मनाचे. बाबांच्या डोक्यातली याच्या बरोबर उलटी: खर्च करणारा ययाती, साठवणारा संयमी. दोघांनीही आपापल्या पिढीला सोयीचा अर्थ काढलेला.

मला वाटतं, इच्छा पिढीगणिक कमी-जास्त होत नाही. ती भीती बघून वेष बदलते. माझी आजी माण तालुक्यातली. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. तेव्हा खाल्लेल्या मिलोची लालसर भाकरी तिच्या बोलण्यात शेवटपर्यंत यायची. आजीची बचत धान्याची. रोज पीठ मळायला घेताना एक मूठ बाजूला. डबे भरलेले दिसले की ती शांत झोपायची. पैशावर तिचा विश्वास नव्हता, पण थोडे नोटांच्या रूपात गोधडीत शिवून ठेवलेले होते. ते कळलं 8 नोव्हेंबर 2016 नंतर, नोटबंदीत. पाचशेच्या सगळ्या नोटा बाहेर काढून तिने बाबांच्या हातात दिल्या तेव्हा तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. खरं तर तिने कुणाचं काय चोरलं होतं? स्वतःच्याच पोटाला मारून ठेवलेले पैसे.

बाबांना भूक तेवढी आठवत नाही, दहा वर्षांचे होते. त्यांना आठवतं ते देणं. आजोबांनी दुष्काळात घेतलेलं कर्ज, आणि नंतर एका पतपेढीत अडकलेली ठेव. त्यामुळे बाबांची भीती म्हणजे कुणाच्या दारात उभं राहणं. आणि त्यांच्या वेळी बचत हा वेडेपणा नव्हताच. 1988 मध्ये किसान विकास पत्र निघालं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. नोकरीला लागून तीन वर्षं झालेल्या माणसाला हे म्हणजे देवाने दिलेलं वचन वाटलं असेल! आज त्याच पत्राला 115 महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. मी आज साठवलं तर ते दुप्पट होईपर्यंत पुण्यातला फ्लॅट कुठे जाऊन बसेल, देव जाणे.

म्हणून माझी भीती तिसरीच. मला वाटतं वेळ निघून जाईल. आईचे गुडघे जातील, माझी तिशी जाईल. घर तर होणारच नाही, मग निदान ही यात्रा, हा फोन, ही कॉफी. यात सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण प्रामाणिकपणे बघितलं तर मी पॅकेज बुक केलं त्या रात्री मला जी घाई झाली होती ती भक्तीची नव्हती. 'बुकिंग कन्फर्म' आल्यावर छातीत जे थंड वाटलं, ते अगदी ऑनलाइन ड्रेस मागवल्यावर वाटतं तेच होतं. आणि बाबा पासबुकावर नवी नोंद करून आणतात तेव्हा त्यांचा चेहरा बघा. तेच थंड वाटणं. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचं वर्णन आहे: आज हे मिळालं, उद्या ते मिळेल, एवढं धन झालं, अजून होईल. आपण ते खर्च करणाऱ्यांचं वर्णन समजून वाचतो. पण नीट पाहिलं तर तो मिळकत मोजणारा माणूस आहे. पासबुक वाचणारा.

आता ईएमआयचं. ययातीने मुलाची वर्षं उसनी घेतली. मी हप्त्यावर घेते तेव्हा कुणाची घेते? माझीच, पुढची. तीस वर्षांची मी चाळीस वर्षांच्या माझ्याकडे हात पसरते आणि म्हणते, तुझं दे, मला आत्ता हवंय. ती बिचारी यदूसारखं नाही म्हणू शकत नाही, कारण ती अजून आलेलीच नाही. बाबांनी केलं ते उलट. त्यांनी स्वतःचं तारुण्य काढून ठेवलं आणि मला दिलं. पस्तीस वर्षं एकच सायकल, दोन शर्ट, सहल म्हणजे शाळेची. आमच्या घरातला पुरू बाप होता, मुलगी नाही. हे लिहिताना मला कात्रणावर लिहिलेल्या त्या ओळींची लाज वाटतेय.

इथे थांबले असते तर चिंतन छान झालं असतं. बाबा महान, मी उधळी, राम कृष्ण हरी. पण आदिपर्व आणि भागवत शेजारी ठेवून वाचलं की गोष्ट एवढी सोपी राहत नाही.

यदूचं बघा. आपण त्याला 'नाही म्हणणारा मुलगा' म्हणून सोडून देतो. भागवतात त्याचं म्हणणं दिलंय. आशय असा, की सुख म्हणजे काय हे अनुभवल्याशिवाय माणसाची तहान सुटत नाही, म्हणून मी आत्ताच म्हातारपण घेणार नाही. बापाने शाप दिला, तुझ्या वंशाला राज्य मिळणार नाही. कंसाला मारल्यावर श्रीकृष्ण स्वतः सिंहासनावर बसला नाही, उग्रसेनाला बसवलं, तेव्हा त्याने याच शापाचं कारण सांगितलं. पण मंडळी, सिंहासन गेलं तरी कृष्ण आला तो कुणाच्या वंशात? नाही म्हणणाऱ्याच्या.

आणि हो म्हणणाऱ्या आज्ञाधारक पुरूचा वंश? कौरव-पांडव. त्याच वंशात पुढे शंतनू, आणि त्याच्या इच्छेपायी पुन्हा एका मुलाने आपलं तारुण्य सोडलं, देवव्रताने. तो भीष्म झाला. म्हणजे मुलाने बापासाठी आयुष्य द्यायचं, ही त्या घराची जणू रीतच पडली. आणि त्या त्यागाखाली काय काय दडपलं गेलं ते आपण पुढे सभापर्वात वाचणार आहोतच. मला यातून 'त्याग वाईट' असं म्हणायचं नाही. पण महाभारत त्यागाला फुकटचा शिक्का मारून देत नाही, एवढं दिसतं.

मग मला बाबांना एक विचारावंसं वाटतं. (समोर विचारायची हिंमत नाही, म्हणून इथे. ते इथे येऊन वाचत नाहीत.) बाबा, देणारा राहण्यात पण एक गोडी असते की नाही? तुम्ही एफडी माझ्या नावाने ठेवता, मोडत नाही, आणि मी काही दिलं तर घेत नाही. म्हणजे मी आयुष्यभर देणेकरीच. पितृऋणाबद्दल मी त्या दिवशी तावातावाने बोलले, पण शास्त्रात ते ऋण बापाला परत करून फिटतच नाही. ते फिटतं पुढच्या पिढीला देऊन. ओघ पुढे जाणारा आहे. हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं, तुम्ही तसंच वागलात. मान्य. पण ओघ पुढे जातो म्हणून मागच्या माणसाने एक ओंजळसुद्धा पिऊ नये असं कुठे लिहिलंय? ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात त्याग आणि भोग एका दमात आले आहेत. आम्ही त्यातला भोग घेतला, तुम्ही त्याग घेतला. मंत्र अर्धा-अर्धा वाटून घेतला आपण.

आणि माझं? मी तरी कुठे घेणारी होते? बाबांनी पैसे दिले असते तर मी काशीला नेलं असतं का? नाही. मला *माझ्या* पैशाने न्यायचं होतं. माझ्याकडे नसलेल्या पैशाने! त्यांना पुरू व्हायचं होतं, मलाही पुरू व्हायचं होतं. घेणारं कुणी नकोच होतं.

या सगळ्यात आईला काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं. कथेतही तसंच आहे. पुरू म्हातारपण घेतो तेव्हा शर्मिष्ठेला, त्याच्या आईला काय वाटलं, हे कुणी विचारत नाही.

आईने विचारायची वाट पाहिली नाही. जानेवारीत तिचा फोन आला. "अगं, रेल्वेची तिघांची तिकिटं काढ. थ्री टायर एसी. पैसे मी देते."

"तू कुठून देणार?"

"भिशीचे आहेत."

गल्लीतल्या बारा बायकांची भिशी, महिन्याला हजार रुपये. गेली कित्येक वर्षं चालू आहे, हे मला माहीत होतं. त्या पैशातून घरातली मिक्सर, पडदे अशी खरेदी होते असं मी समजून होते. आई म्हणाली, "तुझ्या आजीचं नोटबंदीत काय झालं ते मी बघितलंय. गोधडीत ठेवत नाही मी. भिशी लागली की पोस्टात टाकते." मग जरा थांबून, "तुम्ही दोघं बसा एकमेकांचं ऋण मोजत. माझे गुडघे थांबणार नाहीत."

बाबांना तिने काय सांगितलं मला माहीत नाही. एवढं खरं, की तीर्थयात्रा बायकोच्या भिशीतून करू नये असं कुठलंही वचन त्यांना आठवलं नाही.

फेब्रुवारीत गेलो. धर्मशाळेत उतरलो. घरून दशम्या, चटणी, चिवडा. आई घाटाच्या पायऱ्या बसत बसत उतरली, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबा. संध्याकाळी दशाश्वमेध घाटावरची आरती नावेतून पाहिली. नाववाल्याने सांगितलेला भाव बाबांनी दोनदा पाडला. तिसऱ्यांदा पाडायला लागले तेव्हा आई नावेत जाऊन बसली होती.

काशीला गेल्यावर एखादी आवडती गोष्ट सोडायची असते, तुम्हाला माहीत असेलच. लोक कारलं सोडून येतात, ते सोडा. आईने चहातली साखर सोडली. बाबा विचार करत बसले, तर ती म्हणाली, "तुम्ही हिशेबाची वही सोडा की." बाबांकडे 1985 पासूनच्या वह्या आहेत, रोजच्या खर्चाच्या. ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मला खरंच वाटलं, आता काहीतरी होणार. मग म्हणाले, "फणस सोडतो." फणस त्यांना आवडतो, हे खरं आहे. पण साताऱ्यात वर्षाकाठी मिळतो किती?

मी काय सोडलं ते विचारू नका. कार्डावरचे दुसरे हप्ते अजून चालू आहेत, ते संपले की बोलू.

परतीच्या गाडीत रात्री जाग आली तर बाबांच्या बर्थवर दिवा चालू होता. वही उघडी, चष्मा नाकावर, ते तसेच झोपलेले. वही पडेल म्हणून मी काढून घेतली आणि वाचली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. खर्चात नाव, रिक्षा, प्रसाद, चहा तीन वेळा, सगळं. जमेच्या बाजूला एकच ओळ होती: "सौ.कडून उसने."

सकाळी आईला दाखवलं. ती इतकी हसली की समोरच्या बर्थवरच्या बाई जाग्या झाल्या. बाबांना म्हणाली, "अहो, आणि फेडणार कधी?"

उद्याचं वाचन: आदिपर्वातच पुढे, ययातीचं स्वर्गातून पडणं आणि त्याच्या नातवांनी त्याला आपलं पुण्य देऊ करणं.

राम कृष्ण हरी.